तीनशे ग्रॅमच्या हृदयाची भूक

माणसाचं हृदय भरतं साधारण ३०० ग्रॅम. एवढासा हा स्नायू दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून घेतो. दिवसभरात हृदय किती एटीपी खर्च करतं, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. तो आकडा आहे सुमारे ६ किलो, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या वजनाच्या वीसपट! हे सहा किलो कुठेही साठवलेले नसतात. कोणत्याही क्षणी हृदयाच्या पेशींत असलेलं एटीपी जेमतेम काही सेकंद पुरेल इतकंच असतं. तोच रेणू मोडायचा, पुन्हा जोडायचा, पुन्हा मोडायचा, हे आईच्या पोटात असल्यापासून अखंड चालू असतं. हा रेणू पुन्हा जोडायला जे इंधन लागतं, ते आपल्या जेवणातून येतं. निरोगी हृदय निम्म्याहून अधिक ऊर्जा मेदाम्लांतून मिळवतं, उरलेली साखर, लॅक्टेट आणि कीटोन यांच्यातून.

हृदय दमलं, म्हणजे ज्याला आपण घरात ‘पंपिंग कमी झालंय’ म्हणतो आणि डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात, ती अवस्था आली की हा व्यवहारच विस्कटतो. ऑक्सफर्डच्या स्टेफान न्यूबाउअर यांनी २००७ साली या विषयावर एक गाजलेला लेख लिहिला. दमलेल्या हृदयात मुळात ऊर्जेचाच तुटवडा असतो, असं त्यांनी त्यात मांडलं. आजार पुढे गेलेल्या हृदयांत एटीपीचा साठा जवळपास एक तृतीयांशाने घटलेला आढळतो. आणि अशाच हृदयाच्या शेजारी, गळपट्टीच्या हाडाखाली, आज लाखो माणसांच्या छातीत एक यंत्र बसवलेलं असतं. त्या यंत्राची बॅटरी किती उरली, हे दर काही महिन्यांनी तपासलं जातं. ज्या शरीरात ते यंत्र काम करतं, त्याच्या पोषणाची तपासणी मात्र फार कमी ठिकाणी होते. हा लेख त्या राहून गेलेल्या तपासणीविषयी आहे.

आधी यंत्रांकडे पाहू, कारण त्यांचा इतिहासही थक्क करणारा आहे. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ऑके सेनिंग या शल्यविशारदांनी आर्ने लार्सन नावाच्या ४३ वर्षांच्या माणसाच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला. रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तो बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून, त्यात इपॉक्सी ओतून घडवला होता. लार्सन यांना दिवसातून अनेकदा भोवळ येऊन शुद्ध हरपायची. हा प्रयोग करून पाहावा म्हणून त्यांच्या पत्नी एल्स-मारी या दोघांच्या मागे लागल्या होत्या. तो पहिला पेसमेकर काही तासच चालला. लार्सन मात्र पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले. त्यांचे सर्जन आणि अभियंता दोघेही त्यांच्याआधी गेले होते.

साधा पेसमेकर मंद हृदयाला वेग देतो. १९८० साली अमेरिकेत बाल्टिमोरला मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून पहिला आयसीडी माणसात बसवला गेला. हृदयाची लय जीवघेणी बिघडली की तो आतल्या आत शॉक देतो. हार्ट फेल्युअरच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण यंत्र आलं ते त्यानंतर: सीआरटी, ज्याला आपल्याकडे ‘तीन वायरींचा पेसमेकर’ म्हणतात. अनेक रुग्णांत हृदयाच्या डाव्या कप्प्याकडे जाणारी विजेची वाट बंद पडलेली असते. मग कप्प्याची एक भिंत आधी आकसते आणि समोरची उशिरा. नांगराला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एकाने आधी ओढ घ्यावी आणि दुसऱ्याने तो थांबल्यावर, तसं हे चालतं. कष्ट दोघांचेही होतात आणि नांगर जागचा हलत नाही. सीआरटीची तिसरी वायर हृदयाच्या पाठीमागच्या शिरेतून डाव्या कप्प्यापर्यंत नेतात आणि दोन्ही भिंतींना एकाच वेळी आकसायला लावतात.

याचा परिणाम काय होतो? २००० साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी तो मोजला. या पद्धतीने दोन्ही भिंतींची जुळणी केली की हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढतो आणि तरीही ते वापरत असलेला प्राणवायू किंचित कमी होतो. हृदयाचा जोर वाढवणारी औषधं याच्या नेमकं उलट करतात. जोर वाढतो तसा इंधनाचा खर्चही वाढतो. काम जास्त आणि खर्च कमी, असं वैद्यकात क्वचितच घडतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या केअर-एचएफ या युरोपीय चाचणीत सीआरटी बसवलेल्या गटात मृत्यूचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळलं.

आता एका रुग्णाची गोष्ट. १९९४ साली फ्रान्समध्ये सर्ज काझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५४ वर्षांच्या एका माणसाच्या हृदयाच्या चारही कप्प्यांना जोडणारा पेसमेकर बसवला. सीआरटीच्या जन्माची ही पहिली नोंद. माणसाला शेवटच्या टप्प्यातलं हार्ट फेल्युअर होतं. सहा आठवड्यांत तो हिंडूफिरू लागला आणि त्याचं वजन १७ किलोंनी उतरलं. हे १७ किलो पाणी होतं. हृदय मूत्रपिंडांपर्यंत पुरेसं रक्त पोचवू शकत नव्हतं, म्हणून ते अंगात साचलं होतं. वजन उतरणं हीच त्याच्या बरं होण्याची खूण होती.

ही गोष्ट मी मुद्दाम इथे ठेवली आहे, कारण याच आजारात वजन उतरणं ही सर्वांत वाईट खूणही असते.

हिप्पोक्रॅटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन ग्रीक वैद्यकीय लेखनात अशा रोग्याचं वर्णन येतं. त्याचं पोट आणि पाय पाण्याने फुगलेले असतात, तर खांदे, छाती आणि मांड्यांवरचं मांस वितळून गेलेलं असतं. अडीच हजार वर्षांपूर्वी नुसत्या डोळ्यांनी टिपलेलं हे चित्र आजही हृदयरोग विभागात रोज दिसतं. त्याला कार्डियाक कॅकेक्सिया म्हणतात. १९९७ साली स्टेफान आन्कर आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की हार्ट फेल्युअरमध्ये असं झिजलेल्या रुग्णांपैकी निम्मे दीड वर्षात दगावतात, आणि हा धोका त्यांच्या ईएफवर, म्हणजे पंपिंगच्या आकड्यावर, अवलंबून नसतो. ईएफ तितकाच असलेले दोन रुग्ण घ्या. ज्याचं मांस झिजतंय त्याची वाट जास्त बिकट असते.

घरातला वजनकाटा इथे कसा फसवतो ते पाहा. समजा, दिवाळीत वडिलांचं वजन ६२ किलो होतं आणि गुढीपाडव्यालाही ६२ भरलं. घरच्यांना हायसं वाटतं. मधल्या काळात पाच किलो मांस गेलेलं असू शकतं आणि त्या जागी पाच लिटर पाणी आलेलं असू शकतं. मग डॉक्टर पाण्याची गोळी वाढवतात, आठवड्यात वजन ५७ वर येतं, आणि बाबा एकदम इतके कसे खंगले, असा प्रश्न सगळ्यांना पडतो. ते एकदम खंगलेले नसतात. त्यांचं खंगणं पाण्याने झाकलेलं होतं.

हे मांस जातं कुठे? खाणं कमी होतं म्हणून झीज होते, असं वाटणं साहजिक आहे आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे उलगडलं, ते वाचताना अंगावर काटा येतो. आजारी हृदय बाकीच्या शरीराशी रसायनांच्या भाषेत बोलतं. मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूंची वाढ रोखतं. बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांत ते जन्मतःच निकामी असतं, म्हणून ती पहिलवानासारखी दिसतात. २०१० साली अमेरिकेत उंदरांवर एक प्रयोग झाला. काही उंदरांच्या फक्त हृदयातून मायोस्टॅटिनचं जनुक काढून टाकलं आणि मग त्यांना हार्ट फेल्युअर होऊ दिलं. इतर उंदरांचे पायांचे स्नायू झिजले, या उंदरांचे टिकले. म्हणजे मांडीचं मांस कमी करण्याचा आदेश खुद्द हृदयातून निघत होता!

दुसरं रसायन आहे जीडीएफ-१५. पेशी अडचणीत आल्या की ते रक्तात वाढतं, आणि हार्ट फेल्युअरमध्येही ते वाढलेलं असतं. ते नेमकं कुठे काम करतं, हे २०१७ साली एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांनी शोधून काढलं: मेंदूच्या मागच्या भागातल्या मळमळीच्या केंद्रात. २०२३ साली आणखी एक दुवा लागला. गरोदरपणात पहिल्या महिन्यांत जी मळमळ आणि उलट्या होतात, त्यांच्या मुळाशीही हेच रसायन आहे. घरात गरोदर मुलीला अन्नाचा वास सहन होत नाही तेव्हा तिच्यावर कोणी रागावत नाही. हार्ट फेल्युअरच्या आजोबांनी ताट बाजूला सारलं की मात्र ‘दोन घास तरी खा, एवढा काय हट्ट’ असं ऐकवलं जातं. दोघांच्याही मेंदूत एकाच रेणूची हाक पोचत असते. या एका माहितीने कित्येक घरांतली जेवणाच्या वेळची भांडणं थांबावीत, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय आतड्यांच्या भिंतीलाही पायांसारखीच सूज येते. ती डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. यकृत फुगतं आणि चार घासांतच पोट भरल्यासारखं वाटतं. सुजलेल्या आतड्यांतून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, त्यामुळे दाह वाढतो, आणि हा दाह पुन्हा स्नायू खातो. १९९० साली अशा झिजलेल्या हृदयरोग्यांच्या रक्तात ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हा दाहजनक रेणू वाढलेला आढळला, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती. त्याला रोखणारी औषधं पुढे मोठ्या चाचण्यांत वापरून पाहिली. फायदा झाला नाही, आणि एका औषधाने तर जास्त मात्रेत अपायच झाला. शरीराचं हे जाळं एक धागा कापून सुटत नाही.

आता पुन्हा सीआरटीकडे येऊ. ते बसवलेल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत अपेक्षित सुधारणा दिसत नाही. त्याची कारणं हृदयाच्या आत शोधली जातात: वायर योग्य जागी बसली नाही, तिथे आधीच्या हार्ट अटॅकचा व्रण होता, विजेची वाट फारशी बिघडलेलीच नव्हती. ही सगळी कारणं खरी आहेत. पण ज्या हृदयाला आपण ताल दिला, त्याच्याकडे स्वतःची दुरुस्ती करायला लागणारा माल आहे का, हा प्रश्न फार उशिरा विचारला जाऊ लागला. त्याचं सर्वांत सुंदर उत्तर एका छोट्या बेल्जियन चाचणीने दिलं.

‘आयर्न-सीआरटी’ हे तिचं नाव. २०२१ साली तिचे निष्कर्ष आले. फक्त ७५ रुग्ण. सगळ्यांना सीआरटी बसवून किमान सहा महिने झालेले, तरीही ईएफ कमीच राहिलेला, आणि सगळ्यांच्या शरीरात लोहाची कमतरता. अर्ध्या रुग्णांना शिरेतून लोह दिलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी लोह मिळालेल्या गटाचा ईएफ सरासरी सुमारे ४ अंकांनी वाढला होता. दुसऱ्या गटाचा जिथल्या तिथेच होता. संशोधकांनी छातीतल्या यंत्राचाच मोजपट्टीसारखा वापर केला. यंत्राद्वारे ठोक्यांचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवत नेला आणि प्रत्येक टप्प्याला हृदयाचा जोर कसा बदलतो ते पाहिलं. निरोगी हृदय वेगाबरोबर जोरही वाढवतं. दमलेलं हृदय वेग वाढला की गळून जातं. लोह मिळालेल्या हृदयांत ही हरवलेली ताकद परतताना दिसली. यंत्र तेच, वायरी त्याच, औषधं तीच. भर पडली ती फक्त एका पोषकद्रव्याची.

लोह इथे रक्तापुरतं नाही. हिमोग्लोबिन ठीक असलेल्या माणसातही हृदयाच्या पेशींना ते कमी पडू शकतं, कारण एटीपी पुन्हा जोडणाऱ्या यंत्रणेच्या गाभ्यात लोहाचे अणू बसलेले असतात. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत लोह कमी असतं. मग गोळ्या का देऊ नयेत? त्याही देऊन पाहिल्या. २०१७ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत २२५ रुग्णांना सोळा आठवडे गोळ्या किंवा निष्क्रिय औषध दिलं. गोळ्या घेतलेल्यांच्या शरीरातलं लोह जेमतेम वाढलं आणि दमसासात फरक पडला नाही. दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते आतड्यांतून लोह रक्तात येऊ देत नाही. म्हणून शिरेतून देण्याचा मार्ग. त्याने रुग्णांची चालण्याची ताकद आणि जगण्याचा दर्जा सुधारतो, हे बऱ्यापैकी पक्कं झालं आहे. मृत्यू टळतात का, याबाबत मोठ्या चाचण्या एकमुखाने बोलत नाहीत. तरीही भारतासारख्या देशात, जिथे लोहाची कमतरता घरोघरी आहे, हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक रुग्णाचं फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोहाच्या रक्ततपासण्या) तपासलं जायला हवं. शिवाय, केरळमधल्या त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर नोंदणीत १२०५ रुग्णांचं सरासरी वय ६१ होतं. पाश्चात्त्य देशांत ते बरंच जास्त असतं. आपल्याकडे हा आजार कमावत्या आणि जबाबदारीच्या वयात गाठतो.

पोषणाचा अंदाज घ्यायला महागडी यंत्रं लागत नाहीत, हेही मला मोठं नवल वाटतं. १९८४ साली जपानमधल्या ओनोदेरा आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी एक सोपं गणित मांडलं. रक्तातलं अल्ब्युमिन दहाने गुणायचं आणि त्यात लिम्फोसाइट पेशींच्या संख्येचा दोनशेवा भाग मिळवायचा. अल्ब्युमिन ३.८ आणि लिम्फोसाइट १६०० असतील, तर ३८ अधिक ८, म्हणजे ४६. हा आकडा ४० च्या खाली असेल तर त्यांच्या मते मोठी शस्त्रक्रिया धोक्याची. आज अशी गणितं हृदयात यंत्र बसवलेल्या रुग्णांनाही लावली जातात आणि कमी गुण असलेल्यांची पुढची वाटचाल खडतर दिसते. इथे एक सावधगिरी हवी. अल्ब्युमिन दाहामुळे आणि यकृताच्या सुजेमुळेही उतरतं, म्हणून ते निव्वळ जेवणाचं मोजमाप नव्हे. ते काहीतरी बिघडल्याचा इशारा देतं. काय बिघडलं, ते शोधावं लागतं.

आता त्या यंत्राकडे वळू, जिथे अन्न आणि हृदय यांचं नातं सर्वांत ठळक दिसतं. एलव्हॅड म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोडलेला छोटा पंप. आजच्या हार्टमेट ३ मधलं चक्र चुंबकीय क्षेत्रात तरंगतं आणि मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेत रक्त ढकलतं. रक्त सलग वाहत असल्याने अनेकदा या माणसांची नाडी मनगटावर लागत नाही. माणूस समोर बसून बोलतोय, हसतोय, आणि नाडी नाही! यातल्या पहिल्या पिढीचे पंप किलोभराहून जड होते आणि पोटाच्या वरच्या भागात बसवावे लागत. ते जठरावर दाब देत, म्हणून ज्याला सर्वांत जास्त अन्नाची गरज, त्याचंच पोट दोन घासांत भरे. पंप लहान होऊन छातीत गेला, तेव्हा ही अडचण सुटली.

पंप बसवल्यावर काही आठवड्यांत आतड्यांची सूज उतरते, भूक परतते, अल्ब्युमिन वर येऊ लागतं. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी पंप बसवताना आणि पुढे तो काढताना त्याच रुग्णांच्या पोटाच्या स्नायूचे तुकडे घेऊन ताडून पाहिले. स्नायूचे झिजलेले तंतू पुन्हा जाड झाले होते. हृदयाचा आदेश बदलला आणि दूरच्या स्नायूने तो ऐकला. पण वाढलेल्या वजनाचा मोठा भाग चरबीचाही असतो. मांस परत यायचं असेल तर प्रथिनं आणि व्यायाम दोन्ही लागतात.

आणि खुद्द हृदय? २००६ साली लंडनजवळच्या हेअरफील्ड रुग्णालयातून एमा बर्क्स, मॅगडी याकूब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पंपाने हृदयाला विसावा दिला, नेहमीची औषधं पूर्ण मात्रेत दिली आणि नंतर क्लेनब्युटेरॉल हे औषध जोडलं. शरीरसौष्ठवाच्या जगात मांस वाढवण्यासाठी त्याचा गैरवापर होतो. १५ पैकी ११ जणांचं हृदय इतकं सावरलं की पंप काढून टाकता आला. २०२० साली अमेरिकेतल्या आणखी एका अभ्यासात क्लेनब्युटेरॉल न वापरताही ४० पैकी १६ जणांचे पंप दीड वर्षाच्या आत काढता आले आणि पुढचं वर्षभर त्यांचं हृदय सावरलेलं राहिलं. ही मुख्यतः हार्ट अटॅक न येताच दुबळी झालेली हृदयं होती, आणि रुग्ण निवडून घेतलेले होते. तरीही जो स्नायू कायमचा गेला असं समजलं जात होतं, तो परत येतो, हे वैद्यकाने डोळ्यांनी पाहिलं.

भारतात एलव्हॅड मोजक्याच केंद्रांत बसवतात आणि त्याचा खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यातला एक धडा मात्र आपल्याकडच्या हजारो घरांत लागू पडतो. पंपात रक्त गोठू नये म्हणून वॉर्फरिन देतात; कृत्रिम यांत्रिक झडप बसवलेल्यांनाही तेच. ते व्हिटॅमिन केच्या विरोधात काम करतं, आणि पालक, मेथी, कोथिंबीर, अळू यांत ते भरपूर असतं. म्हणून कित्येक घरांत पालेभाजी कायमची बंद होते. याची गरज नसते. भाजीचं प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं आणि आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी पाहून डॉक्टरांनी गोळी जुळवायची. हिवाळ्यात भाजी स्वस्त झाली म्हणून एकदम चौपट खाणं आणि मग महिनाभर अजिबात न खाणं, हे टाळायचं.

पथ्य या विषयावर मला थोडं ठामपणे बोलायचं आहे. हार्ट फेल्युअरचं निदान झालं की घरचे प्रेमापोटी ताटातून एकेक पदार्थ काढू लागतात. तूप गेलं, शेंगदाणे गेले, अंडं गेलं, मीठ पूर्ण गेलं, आणि उरते अळणी पेज. पेज म्हणजे बहुतांशी पाणी. ज्याला दिवसाचं पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्याचं पोट आपण पाण्यानेच भरतो. अशा रुग्णाला सहसा किलोमागे किमान १.१ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६६ ग्रॅम. दिवसभरात दोन भाकऱ्या, दोन वाट्या पातळ वरण, थोडा भात, थोडी भाजी आणि कपभर दूध यांतून त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतात. म्हणून वरण घट्ट हवं. उसळ, दही, पनीर, अंडं, ताजा मासा यांना जागा हवी, आणि तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी हवीत. मूत्रपिंडं कमजोर असतील तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

मीठ कमी हवं, यात वाद नाही. लोणचं, पापड, सांडगे, सुके बोंबील, फरसाण हे आपल्या मिठाचे मोठे साठे; ते आधी कमी करावेत. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सोडियम-एचएफ या चाचणीत सहा देशांतल्या ८०६ रुग्णांत अतिकडक मीठबंदीने मृत्यू किंवा रुग्णालयाच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत. अळणी म्हणून माणूस जेवतच नसेल, तर ते पथ्य त्याला उपाशी ठेवतंय. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. पोटॅशियम अंगात राखून ठेवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या चालू असतील तर ते जिवावर बेतू शकतं. रोजच्या शहाळ्याचंही तेच, म्हणून दोन्ही विचारल्याशिवाय नकोत.

दीर्घकाळ न जेवलेल्या रुग्णाला एकाएकी भरपेट खाऊ घालणंही धोक्याचं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली उपाशी माणसं अन्न मिळाल्यावर दगावली, तेव्हा हे जगाला कळलं. साखर रक्तात आली की पेशी फॉस्फेट ओढून घेतात, रक्तातलं फॉस्फेट घसरतं आणि हृदयाची लय बिघडते. एटीपीमधला ‘पी’ म्हणजे हेच फॉस्फेट. पाण्याच्या गोळ्यांबरोबर थायमिन हे जीवनसत्त्वही लघवीतून जातं, आणि त्याच्या कमतरतेनेही हृदय दुबळं होतं. म्हणून खूप खंगलेल्या माणसाचा आहार आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवायचा असतो.

नीट आखलेल्या आहाराने फरक पडतो का? स्पेनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हार्ट फेल्युअरने दाखल झालेले १२० कुपोषित रुग्ण होते. ज्यांच्या आहाराची व्यक्तिशः आखणी केली, त्यांपैकी २७ टक्के वर्षभरात दगावले किंवा पुन्हा त्याच कारणाने दाखल झाले. इतरांपैकी ६१ टक्के. स्वित्झर्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासातल्या ६४५ हृदयरुग्णांत महिन्याभरातले मृत्यू १४.८ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर आले. एखाद्या नव्या औषधाने हे केलं असतं, तर त्याच्या जाहिराती सगळीकडे झळकल्या असत्या.

आजची यंत्रं बरंच काही जाणतात. काही सीआरटी आणि आयसीडी छातीतून अतिसूक्ष्म प्रवाह सोडून फुप्फुसांत पाणी साचतंय का ते रोज मोजतात. माणूस दिवसात किती तास हालचाल करतो, हेही त्यांत नोंदवलं जातं. मांडीवर किती मांस उरलंय, हे मात्र त्यांना कळत नाही. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. आशियाई निकषांनुसार पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायूंची झीज झाल्याची शंका घ्यावी. पायाला सूज असेल तर हा आकडाही फसवतो, म्हणून सूज उतरल्यावर मोजावा. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील, तर तीही सूचनाच.

तुमच्या घरात कोणाच्या छातीत असं यंत्र असेल, तर पुढच्या चेक-अपला जाताना एका कागदावर लिहून न्या: सूज नसतानाचं वजन, गेल्या सहा महिन्यांत ते किती बदललं, पोटरीचा घेर, आणि दिवसभरात खरोखर पोटात काय गेलं. बॅटरी तपासून झाली की तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा, आणि फेरिटिन व अल्ब्युमिन तपासायचं का, हे आठवणीने विचारा.